पोवळ्यांच्या कंकणावरील राष्ट्र : तुवालू

फिजी बेटांतील सुवा येथून निघालेले लहानसे विमान उत्तरेच्या दिशेने सुमारे अडीच तास उडत राहते. ह्या अवधीत खिडकीतून पॅसिफिक महासागराच्या गडद निळ्या विस्ताराखेरीज काहीही दृष्टीस पडत नाही. मग एकाएकी त्या निळाईत फिकट हिरव्या पाण्याचे एक विशाल वर्तुळ उमटते. वर्तुळाच्या कडेवर फेसाची पांढरी रेघ असते आणि त्या रेघेला लागून, तुटलेल्या माळेतील मण्यांप्रमाणे, झाडांचे बारीक बारीक पट्टे दिसतात. हे फुनाफुटी, तुवालू ह्या राष्ट्राची राजधानी. विमान उतरण्यापूर्वी भोंगा वाजतो आणि धावपट्टीवरील माणसे, मुले व दुचाक्या बाजूला होतात. कारण विमान नसेल तेव्हा ही धावपट्टी म्हणजे गावाचे पटांगणच असते. सायंकाळी तेथे चेंडूचे खेळ रंगतात, आणि उकाड्याच्या रात्री वाऱ्यासाठी माणसे तेथेच चटया टाकतात. गावात दुसरी एवढी मोकळी जागाच नाही.

त्रिवेंद्रम विषुववृत्ताच्या उत्तरेस जितके दूर आहे, जवळजवळ तितकेच फुनाफुटी दक्षिणेस आहे. हवामान, माड, केवडा, विलायती फणस, माडाच्या पोयीतून उतरवलेली गोड नीरा ह्या साऱ्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील माणसास ओळखीचे असे पुष्कळ सापडेल. मात्र मागे वळून पाहिले असता डोंगर दिसत नाही, नदी नाही, ओढाही नाही. नऊ बेटसमूह मिळून ह्या देशाची एकंदर जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर भरते. तिचा सर्वोच्च बिंदू समुद्रसपाटीपासून पाच मीटरही उंच नाही. लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास असून तिचा निम्म्याहून मोठा भाग एकट्या फुनाफुटीवर राहतो. तुवालू ह्या नावाचा अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’ असा आहे. नववे बेट नियुलाकिता येथे कायमची वस्ती १९४९ साली झाली. इंग्रजी अमलात ही बेटे एलिस बेटे म्हणून ओळखली जात. १९७५ साली ती शेजारच्या गिल्बर्ट बेटांपासून वेगळी झाली, १ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वतंत्र झाली आणि २००० साली तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासद झाले. परकी जहाजांना दिलेले मासेमारीचे परवाने आणि आंतरजालावरील ‘.टीव्ही’ हे राष्ट्राला मिळालेले दोन अक्षरी नामाभिधान ही राज्याच्या उत्पन्नाची प्रमुख साधने होत. दूरचित्रवाणीशी जुळणारी आद्याक्षरे पदरी पडावीत, हा नशिबाचाच भाग म्हणावयाचा.

येथे येणारे पाहुणे वर्षाकाठी काही हजारांच्या पलीकडे जात नाहीत. अलीकडे त्यांच्यापैकी कित्येक जण ‘बुडणारा देश’ पाहावयास म्हणून येतात. वृत्तपत्रांनी रूढ केलेला हा शब्दप्रयोग सोपा खरा, परंतु त्यामुळे मूळ प्रश्न झाकला जातो. ही जमीन कशाची बनली आहे आणि ती कशी टिकते, हे समजल्यावाचून ती जाईल की राहील ह्याविषयी बोलण्यात अर्थ नाही.

बेटावरील लोकांची ह्याविषयीची कथा अशी. वाम आणि लेपीसारखा एक चपटा मासा ह्यांचे भांडण झाले. त्या झटापटीनंतर चपट्या माशाच्या देहासारखी सपाट बेटे झाली आणि वामीच्या देहासारखी माडाची खोडे झाली. शास्त्राने दिलेले उत्तर ह्याहून कमी अद्भुत नाही.

चार्ल्स डार्विन ह्यांनी १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रवाळभित्तींची उपपत्ती मांडली. प्रवाळ हा लहानसा प्राणी आपल्या देहाभोवती चुन्याचे घर बांधतो. त्याच्या ऊतकांत सूक्ष्म शैवले राहतात व त्यांना सूर्यप्रकाश लागतो. म्हणून भित्ती उभारणारे प्रवाळ उथळ पाण्यातच फोफावतात. मग अथांग महासागराच्या मध्यभागी त्यांची कंकणे कशी उभी राहिली? डार्विन ह्यांचे म्हणणे असे की, आरंभी तेथे ज्वालामुखीचे बेट असते व त्याच्या किनाऱ्याला लागून प्रवाळ वाढतात. बेट अत्यंत संथपणे खचू लागते आणि प्रवाळ त्याच संथपणे वर चढत राहतात. शेवटी पर्वत पाण्याखाली दिसेनासा होतो आणि त्याच्या जुन्या किनाऱ्याची आठवण म्हणून प्रवाळांचे कडे तेवढे उरते. ह्या कड्याच्या आतील उथळ पाण्यास खारकच्छ म्हणतात, आणि कड्यास कंकणद्वीप. आव्हानही लवकरच आले. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीतील शास्त्रज्ञ जॉन मरी ह्यांनी १८८० साली असे प्रतिपादन केले की, खचण्याची कल्पना अनावश्यक आहे; सागरतळावरील उंचवटे गाळाने वाढत वाढत उथळ पाण्यापर्यंत आले की त्यांच्यावर प्रवाळ वसतात. डार्विन ह्यांनी मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, एका पत्रात इच्छा व्यक्त केली होती की, कोणा धनिकाने पॅसिफिक व हिंदी महासागरांतील कंकणद्वीपांवर पाचसहाशे फूट खोल विंधन करवावे. खाली सर्वत्र उथळ पाण्यातीलच प्रवाळ सापडले, तर खचण्याचा पुरावा मिळणार होता.

धनिक काही पुढे आला नाही. लंडनची रॉयल सोसायटी आली. तिने निवडलेले स्थळ होते फुनाफुटी. १८९६ साली ‘पेंग्विन’ हे आरमारी जहाज यंत्रसामग्री घेऊन येथे आले. मोहिमेचे प्रमुख प्राध्यापक सोलास ह्यांचा पहिला प्रयत्न मात्र फसला. खाली अखंड खडक लागेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लागले प्रवाळांचे मोठमोठे गोटे आणि त्यांच्यामधील सैल वाळू. यंत्र पुढे सरकले की वाळू ढासळून भोक बुजे. १०५ फुटांवर काम थांबवावे लागले. १८९७ साली सिडनीहून प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड आले. त्यांच्या पत्नी कॅरा डेव्हिड ह्याही सोबत होत्या. त्या तीन महिन्यांतील बेटावरील जीवनाचे वर्णन करणारे त्यांचे पुस्तक १८९९ साली निघाले, आणि खडकांच्या अहवालांत जे सापडत नाही ते, म्हणजे माणसे, त्यात सापडतात. ह्या वर्षी विंधन ६९८ फुटांपर्यंत पोहोचले. पुढील वर्षी आल्फ्रेड फिंक ह्यांनी तेच भोक १,११४ फुटांपर्यंत, म्हणजे ३४० मीटरपर्यंत नेले. वर काढलेल्या दंडगोलांत शेवटपर्यंत चुनखडक आणि उथळ पाण्यातील जीवांचे अवशेष होते. ज्वालामुखीचा खडक मात्र लागला नाही. त्यामुळे विरोधकांना म्हणता आले की, हे विंधन कड्यावरून ढासळलेल्या राशीतून गेले असावे. वादाचा निकाल लागावयास आणखी अर्धशतक जावे लागले. १९५२ साली मार्शल बेटांतील एनिवेटॉक येथे अमेरिकनांनी केलेले विंधन सुमारे १,४०० मीटर चुनखडक भेदून बेसाल्टपर्यंत पोहोचले. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या जातीचा आहे, त्याच जातीचा तो खडक. डार्विन ह्यांचे अनुमान खरे ठरले. ते सिद्ध करणारी यंत्रे तेथे गेली होती ती मात्र अणुबाँबच्या चाचण्यांच्या निमित्ताने, ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे. फुनाफुटीवरील विंधनाची जागा आजही दाखविली जाते.

तेव्हा तुवालूच्या पायाखाली शेकडो मीटर जाडीचा चुनखडक आहे, आणि तो अचल आहे असे मानण्यास हरकत नाही. परंतु माणसे त्या खडकावर राहत नाहीत. ती राहतात त्याच्यावर साचलेल्या, अवघ्या काही मीटर जाडीच्या, सैल राशीवर. ही रास प्रवाळांचे तुकडे, शंखशिंपले, चुना साठविणाऱ्या शैवलांचे अवशेष आणि फोरॅमिनीफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचे ह्यांची बनलेली आहे. फुनाफुटीच्या पुळणीवरील मूठभर वाळू भिंगाखाली धरली, तर कित्येक कण लहान लहान चांदण्यांसारखे दिसतात. ते बॅक्युलोजिप्सिना ह्या जीवाचे सांगाडे होत. महासागराच्या बाजूच्या भित्तीवर हे जीव जगतात, मरतात, आणि त्यांची कवचे लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडतात. कोकणातील वाळू डोंगर झिजून येते. येथील वाळू जन्मास येते. म्हणून भित्तीजवळचे पाणी सांडपाण्याने दूषित झाले किंवा अति तापले, तर बेटाचा वाळूचा पुरवठाच रोडावतो.

वादळांचे कार्यही येथे दुहेरी असते. ऑक्टोबर १९७२ मध्ये ‘बेबे’ ह्या चक्रीवादळाने फुनाफुटीवरील बहुतेक घरे आणि झाडे उद्ध्वस्त केली. त्याच वादळाने भित्तीच्या खोल उतारावरील प्रवाळखडे उचलून सुमारे १९ किलोमीटर लांब, ३७ मीटर रुंद आणि चार मीटरपर्यंत उंच असा बांध एका रात्रीत रचला. पुढील वर्षांत लाटांनी तो हळूहळू किनाऱ्याकडे ढकलला आणि बेटांना नवी जमीन मिळाली. ऑकलंड विद्यापीठाचे पॉल केंच व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१८ साली तुवालूतील १०१ बेटांच्या जुन्यानव्या छायाचित्रांची तुलना प्रसिद्ध केली. १९७१ ते २०१४ ह्या काळात तेथील समुद्राची पातळी जागतिक सरासरीच्या सुमारे दुप्पट वेगाने चढत होती. तरीही एकंदर जमीन २.९ टक्क्यांनी वाढली होती. जवळजवळ तीन चतुर्थांश बेटे मोठी झाली होती, उरलेली झिजली होती.

हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच, ‘मग चिंता कशाची?’ असे म्हणणारेही निघाले. त्यांनी घाई केली, असेच म्हणावे लागेल. बेट जिवंत असणे आणि बेट राहण्याजोगे असणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाळू एका कडेकडून दुसरीकडे सरकते तेव्हा बेट टिकते. पण त्या कडेवरील घर, विहीर आणि पूर्वजांची थडगी सरकत नाहीत.

आणि घरापूर्वी पाण्याचा प्रश्न येतो. सच्छिद्र बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो व खालील खाऱ्या पाण्यावर तरंगतो, कारण गोडे पाणी किंचित हलके असते. ह्या हलकेपणाचे गणित डच अभियंता बादोन खायबेन आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग ह्यांनी स्वतंत्रपणे मांडले : गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक हात उंच असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस हात खोलपर्यंत गोडे पाणी असावयास हवे. साठ्याचा आकार मध्ये जाड व कडांना निमुळता, म्हणून त्यास गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. प्रत्यक्षात अरुंद बेटावर, भरतीओहोटीच्या घुसळणीमुळे, हे भिंग गणितापेक्षा पुष्कळ पातळ राहते. फुनाफुटीचे मुख्य बेट फोंगाफाले सुमारे बारा किलोमीटर लांब आहे, परंतु त्याची रुंदी कोठे वीस मीटर तर कोठे चारशे मीटर आहे. तेथील भूजल पिण्याच्या उपयोगाचे नाही. माणसे छपरांवरील पाऊस टाक्यांत साठवून पितात.

पाऊस तसा विपुल, वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ कोकणाइतकाच. शिवाय तो चार महिन्यांत न कोसळता वर्षभर विखुरलेला असतो. पण पॅसिफिकमध्ये ‘ला निन्या’ची स्थिती आली, म्हणजे विषुववृत्तावरील पाणी थंडावले, की पावसाचा पट्टा पश्चिमेकडे सरकतो आणि महिनोन्‌महिने आभाळ कोरडे राहते. २०११ साली असेच झाले. २८ सप्टेंबर रोजी आणीबाणी जाहीर झाली, फुनाफुटीवर कुटुंबास दिवसाकाठी दोन बादल्या पाणी मिळू लागले, आणि न्यूझीलंडमधून खारे पाणी गोडे करणारी यंत्रे विमानाने आणावी लागली. चहूंकडे क्षितिजापर्यंत पाणी आणि घरात दोन बादल्या.

बेटाच्या पोटातील भिंगाचा खरा धनी मनुष्य नव्हे, पुलका हे पीक होय. पुलका अळू-सुरणाच्या कुळातील एक प्रचंड वनस्पती आहे; तिचे पान माणसाला आडोसा देईल एवढे वाढते, आणि कंद तयार व्हावयास कित्येक वर्षे लागतात. तिच्यासाठी तुवालूच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या, लोखंडी अवजारे नव्हती तेव्हापासून, प्रवाळखडीत मोठमोठे खड्डे खणले. खड्ड्याचा तळ गोड्या पाण्याच्या पातळीला नेमका टेकला पाहिजे : वर राहिला तर रोप सुकते, खाली गेला तर खारे पाणी लागते. तळाशी पाने कुजवून माती करावयाची, कारण बेटावर मूळची माती अशी नाहीच. कोणत्या झाडाचे पान कोणत्या क्रमाने घालावयाचे, हे ज्ञान घराण्यात जपले जाई. मालाच्या जहाजाने तांदूळ आणि पीठ येऊ लागल्यापासून हे श्रम मागे पडले. फोंगाफालेवरील बहुतेक खड्डे आता खारावले आहेत; काही लोकांनी तळाशी सिमेंटची कुंडी बांधून पुलका लावून पाहिले आहे. बाहेरील बेटांवर हे पीक अद्याप टिकून आहे. समुद्र एक बोटभर चढला की खड्ड्यातील पाणीही चढते. पाहुण्याला हे दिसत नाही, कारण लाट फुटल्याचा आवाज होत नाही. एक पान पिवळे पडते, इतकेच.

फोंगाफालेची अडचण काही अंशी माणसांनीच निर्माण केलेली आहे, हे जपानी संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. त्यांच्या हाती पुरावा आला तो १८९६ च्या विंधन मोहिमेत काढलेल्या नकाशांचा. डार्विन ह्यांचा वाद मिटविण्यासाठी आलेल्या मंडळींनी बेटाची इतकी बारकाईने मोजणी केली होती की, शंभर वर्षांनंतर ती एका निराळ्याच प्रश्नाला उपयोगी पडली. त्या नकाशांत बेटाच्या मध्यभागी खारफुटीने वेढलेली दलदल आहे आणि गाव आहे ते खारकच्छाच्या बाजूच्या उंचवट्यावर. ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकन सैन्य उतरले. जपानविरुद्धच्या युद्धासाठी त्यांना विमानतळ हवा होता. त्यांनी बेटाच्या अन्य भागांतून प्रवाळखडी खणून काढली आणि दलदल बुजवून धावपट्टी केली. युद्धानंतर धावपट्टी राहिली, खणलेले खड्डेही राहिले. त्यांत सत्तर वर्षे खारे पाणी आणि कचरा साचत होता. न्यूझीलंडच्या साहाय्याने ते खड्डे २०१५ साली खारकच्छातील वाळूने भरण्यात आले. दरम्यान फुनाफुटी राजधानी झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी जेथे हजारापेक्षाही कमी माणसे होती, तेथे आता सहा हजारांहून अधिक आहेत. नवी घरे बांधली गेली ती जुन्या दलदलीच्या जागेवर, कारण उंचवट्यावर जागाच उरली नव्हती. जानेवारी-फेब्रुवारीतील मोठ्या उधाणाच्या वेळी पाणी किनारा ओलांडून येण्याआधी ह्याच भागात जमिनीतून बुडबुडत वर येते. भिंत बांधून ते अडविता येत नाही. पायाखालचा खडकच चाळणीसारखा आहे.

तथापि, दोष जुन्या वसाहतीचा म्हणून चढत्या समुद्राचे निमित्त संपत नाही. फुनाफुटी बंदरात १९७७ पासून भरतीची नोंद घेतली जाते. ह्या नोंदी वाचताना सावधगिरी लागते, कारण ‘एल निन्यो’च्या वर्षी येथील पातळी कित्येक सेंटिमीटरांनी उतरते आणि अननुभवी वाचकाला समुद्र मागे हटल्याचा भास होतो. दीर्घ काळाचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२३ साली केलेल्या अभ्यासानुसार तुवालूभोवतीचा समुद्र आदल्या तीस वर्षांत जवळजवळ पंधरा सेंटिमीटर चढला आहे. आणि सध्याची गती पाहता २०५० पर्यंत देशातील पुष्कळशी जमीन आजच्या भरतीच्या पातळीखाली असेल.

ह्या साऱ्यात भारतीय वाचकाला परका विषय वाटण्याचे कारण नाही. १८९६ च्या फुनाफुटी मोहिमेत स्टॅन्ली गार्डिनर नावाचा एक तरुण प्राणिशास्त्रज्ञ होता. तोच १८९९-१९०० मध्ये मालदीव आणि लखदीव बेटांवर आला व तेथील प्रवाळांचा त्याने विस्तृत अभ्यास केला. आजचे लक्षद्वीप म्हणजे तुवालूचेच भावंड : सुमारे ३२ चौरस किलोमीटर जमीन, तीच वाळू, तेच पातळ भिंग. फरक इतकाच की, कवरत्तीचा रहिवासी वेळ पडल्यास स्वदेशातच केरळच्या किनाऱ्यावर येऊ शकतो. कवरत्ती येथे २००५ साली भारतीय अभियंत्यांनी समुद्राच्या पृष्ठावरील उष्ण आणि खोलातील थंड पाण्याच्या तापमानांतील फरकावर चालणारे निर्लवणीकरण केंद्र सुरू केले. भूजलावरील भार हलका करण्याचा तो एक मार्ग होय.

तुवालूला मुख्य भूमी नाही. म्हणून तेथील शासनाने दोन्ही वाटा धरल्या आहेत. फोंगाफालेच्या खारकच्छाकडील किनाऱ्यावर वाळू उपसून ७८० मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद अशी उंच जमीन नव्याने तयार करण्यात आली. २०२२ साली मांडलेल्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यात अशीच ३.६ चौरस किलोमीटर जमीन घडविण्याचा संकल्प आहे. २०२३ च्या राज्यघटनेत असे लिहिले गेले की, समुद्रामुळे भूमीची हानी झाली तरी राष्ट्र आणि त्याच्या सागरी सीमा कायम राहतील. ह्या सीमांच्या आत सात लाख चौरस किलोमीटरांहून अधिक समुद्र येतो, आणि देशाचा मासेमारीचा उत्पन्नाधिकार त्यावर अवलंबून आहे. त्याच वर्षी ९ नोव्हेंबर रोजी ऑस्ट्रेलियाशी करार झाला. त्याचे नाव ‘फालेपिली’. शेजाऱ्याची काळजी आपल्यासारखीच वाहणे, असा त्या शब्दाचा आशय आहे. करार ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार दर वर्षी तुवालूच्या २८० नागरिकांना ऑस्ट्रेलियात कायमचे राहण्याचा परवाना मिळतो. नावे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. २०२५ च्या जून-जुलैमध्ये पहिली नोंदणी झाली, तेव्हा कुटुंबीयांसह ८,७५० जणांची नावे आली. परवाना मिळालेल्याने ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेच पाहिजे असे बंधन नाही. त्याला हवे तेव्हा बेटावर परतता येते, आणि पुन्हा जाताही येते.